एका अक्षराची जागा

सूरच्या किनाऱ्यावर, समुद्राचं पाणी गोड करायच्या कारखान्यात
रात्रपाळीची वही आता वही राहिलेली नाही.
पडद्यावरचा पांढरा चौकोन आहे.
ऑपरेटर त्यात लिहितात, आणि वाक्याच्या मधोमध
बसलेली असतात मी घडवलेली बटनं:
पंप तीन, चालू. झडप सात, अर्धी.
मजकूर सरकला की बटन सरकतं,
ओळ मोडली की मुकाट खालच्या ओळीत जाऊन बसतं.

मजकुराच्या हिशेबात एक बटन म्हणजे एक अक्षर.
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
उच्चार तर नाहीच.

तक्रार इक्बाल परकारांची. मुक्काम पोस्ट हर्णै,
अकरा वर्षं इथं.
फोनवर म्हणाले, "बाय, तुझी सात नंबरची झडप गेली."
"फुटली?"
"फुटली असती तर तुला कशाला उठवलं असतं?
लिहिण्यातली गेली. चुकून खोडली, मग अनडू दाबलं.
'झडप' आलं, 'सात' आलं, टिंबसुद्धा आलं.
मधी नुसतं भोक."

मी जाऊन पाहिलं. खरंच भोक होतं.
कर्सर त्यावरून जाताना अडखळायचा,
अंधारात जिना उतरताना
नसलेली पायरी लागते तसा.

शाळेत संस्कृतच्या बाईंनी फळ्यावर काढलेला अवग्रह आठवला.
इथे 'अ' होता, त्याचा लोप झाला,
म्हणून ही खूण.
वाचायची नाही, पुसायचीही नाही.

कारण साधं होतं.
बॅकस्पेस अक्षर खोडतो, आणि त्याच फटक्यात बटनाचा जीव घेतो.
अनडू अक्षरं परत आणून देतो.
जीव हे त्याचं खातं नाही.

पहिल्या रात्री मी नवीन बटन घडवून त्या भोकात बसवलं.
रंग तोच, आकार तोच.
पण कुठली झडप, कुणी दाबली, कधी,
त्याला काही ठाऊक नव्हतं.
कालच विमानातून उतरलेल्या पोराला
मेसमधली परवाची डाळ कशी होती विचारावं, तसं.

दुसऱ्या रात्री ठरवलं, मारायचंच नाही.
खोडण्याआधी अलगद काढून घ्यायचं,
पडद्यामागे, कुणाला न दिसणाऱ्या चौकटीत ठेवायचं.
पंगतीतून कुणी मध्येच उठला
तर त्याचं पान उचलत नाहीत, वर झाकण घालतात.

परकारांनी खोडून पाहिलं, परत आणून पाहिलं,
चौदा वेळा, दारावरची घंटा सापडलेल्या पोरासारखं,
प्रत्येक वेळी तोंडाने म्हणत:
रूह. तआल. रूह. तआल.
सालिम अल-अरैमी करक चहाचा कप घेऊन दारात थांबला,
हसला, आणि काही न विचारता गेला.

तीन वाजता पुन्हा फोन.
"बाय, बटन आलं. पण जाताना होतं तसंच आलंय.
'अर्धी' म्हणतंय.
दोनला मी झडप पूर्ण बंद केली,
ते तेव्हा आत होतं ना, त्याला कुणी सांगितलंच नाही."

मग मी एक ओळ वाढवली:
परत बसल्यावर आधी विचार, मग दाखव.
एवढ्यासाठी तीन रात्री.

जूनमध्ये परकार चाळीस दिवस घरी जाऊन आले.
पाळीच्या तक्त्यातून नाव निघालं, पुन्हा चढलं.
पहिल्या रात्री खुर्चीत बसून त्यांनी कशाला हात लावला नाही.
बिजूला विचारलं, सातचं पॅकिंग बदललं का,
डाळ आता कोण शिजवतो.
मला म्हणाले, "घरी मोरीच्या दिव्याचं बटन हलवलंय.
शेवटच्या दिवसापर्यंत मी जुन्याच भिंतीवर चाचपत होतो."

ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली
तर तिच्याबरोबर बटन अजून जात नाही.
ते काम बाकी आहे.
वहीत तशी नोंद केली आहे.